रकाना क्रमांक अकरा

फॉर्म कन्नडात, घर मराठीत,
आणि मी मधे, निपाणीच्या स्टँडवर उतरलेली,
पर्समध्ये दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं.

मुलाचं नाव लिहायचं नाही. तिचंही नाही.
कायदाच तसा आहे, आणि बराच आहे.
म्हणून इथं मुलगा म्हणजे मुलगा,
वय पंधरा, अंगठ्याला जुनी जखम,
आणि ती म्हणजे ती.

बायाक्का वखारीतून आली, पदरात तंबाखूचा खकाणा.
मी शिंकले. ती म्हणाली,
"आमाला आता शिंकच येत न्हाई, बाई."
मग म्हणाली, "माझं पोर तसलं न्हवं."
मी लिहिलं : आई सकाळी आठ ते रात्री आठ बाहेर.
लिहिलं : वडील हुबळीला, तिकडंच दुसरा संसार.
लिहिलं : दुपारभर घरात एक मुलगा, एक मोबाईल, आतून कडी.

रकाना अकरा : गुन्ह्याचं कारण.
तिथं अडीच ओळी बसतात.

कुठल्या बसवू?
दुरुस्तीच्या टपरीमागं थोरली पोरं जमायची,
फोन पुढं करायची,
आणि जो मान वळवी त्याला पुढचे आठ दिवस हसायची.
आधी मीही मान वळवायचो, असं तो सांगतो.
आठवीच्या पुस्तकातला तो एक धडा
सरांनी "घरी वाचा" म्हणून उलटला.
वखारीमागचा बोळ : शिकवणीची जवळची वाट,
खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद.
दिव्यासाठी अर्ज गेला होता. मराठीत होता म्हणून परत आला.
कन्नडातून गेला तेव्हा साहेबांची बदली झालेली.

हे सगळं खरं आहे.
आणि हे सगळं
त्याच गल्लीतल्या आणखी चौदा पोरांना लागू आहे,
जी त्या संध्याकाळी स्टंप काखेत मारून घरी गेली.

म्हणून विचारलं, ती काय म्हणाली होती?
बराच वेळ तो फरशीची फट नखानं उकरत राहिला.
"नको म्हणाली."
अजून?
"ब्याड म्हणाली."

आमच्या सीमेवरच्या लेकरांना
दोन भाषा फुकटात मिळतात.
तिनं दोन्ही वापरून पाहिल्या.
त्याला दोन्ही येत होत्या.

तिच्या घरी कुणी चहाचं विचारलं नाही, बरं झालं.
ती आता पेट्रोल पंपाला वळसा घालून जाते,
वीस मिनिटं जास्त. रोज. जाताना आणि येताना.
केलं दुसऱ्यानं आणि चालते ती,
ह्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही.

पहिल्या भेटीत मुलानं विचारलं, मला कवा सोडतील?
दुसऱ्या भेटीत, आई आली न्हाई व्हय?
तिसऱ्या भेटीत, बरंच गप्प बसून,
"ती शाळंला येती का?"
उत्तर दिलं नाही मी. तेवढा हक्क त्याचा नाही.
पण तारीख टिपून ठेवली.

परत येताना मगदूम बाईंच्या शाळेत थांबले.
यंदा त्यांनी तो धडा वर्गातच घेतला, दारं सताड उघडी ठेवून.
फळ्यावर "नको", खाली कन्नडात तेच.
मागचा बाक खिदळला.
बाईंनी हसू त्याचं त्याचं संपू दिलं,
मग पुढचं वाक्य.

घंटा झाली. एकाला दप्तर भरायला
फारच वेळ लागला.
"बाई, एक इचारू? माझं न्हाई, दोस्ताचं हाय."
बाईंनी हातात घेतलेली छत्री
परत टेबलावर ठेवली.
"बस."

मी दारातून मागं सरले.
साडेपाचची संकेश्वर गाडी गेली ती तशीच.
रकाना अकरा अजून कोरा,
आणि चालणारं पेन मी बाईंच्या टेबलावर विसरलेली.